अकरा घनमीटर

२ जुलै, मंगळवार

दोन्हीकडून 'नाही' आलं तर पुढे काय, याची यादी करायला बसलो. एकच ओळ झाली — गावातले पाण्याचे मीटर वाचत राहणे. यादी खोडून टाकली.

तक्ता मात्र नीट केला. पट्टी घेऊन. आडव्या ओळी दोन: राजधानीतलं सरकारी विद्यापीठ, आणि नदीपलीकडे रुमानियात, याश शहरातलं एक छोटं कॉलेज. विषय साधारण एकच, सार्वजनिक धोरण. विद्यापीठात नुसतं तेवढंच. याशला त्याच्या जोडीला 'आंतरराष्ट्रीय विकास' — म्हणजे दुसऱ्यांच्या देशात, दुसऱ्यांच्या गावात जाऊन पाणी, शाळा, दवाखाने यांची कामं. फी दोन्हीकडे नाही, जागा मिळाली तर. उभे रकाने नऊ: अंतर, वसतिगृह, शिक्षक किती, इंग्रजी किती, प्रत्यक्ष काम कितव्या वर्षी, असे. नवव्याला नाव सुचेना. रिकामा ठेवला.

दोम्निका पाठीमागून वाकून बघत होती. "दादा, मुली बघतोयस का? उंची कुठल्या रकान्यात?"

चौदा वर्षांची आहे. धाकटी बहीण म्हणून ऐकून घेतो.

३ जुलै, बुधवार

शाळान्त दाखला हातात आला! नववीनंतर शाळा सुटली तेव्हा पंधराचा होतो, आता तेवीस. आई इटलीला गेली, बाबा त्याआधीच मॉस्कोला बांधकामावर जाऊन तिकडचेच झाले होते, दोम्निका सहा वर्षांची. कोणीतरी घरी हवं होतं. संध्याकाळच्या वर्गात चार वर्षं काढली तेव्हा हा कागद मिळाला. जाड कागद, कडेने द्राक्षवेलीची नक्षी, खाली शिक्का.

आईला पादोवाला फोन केला. ती ज्या म्हाताऱ्या बाईंना सांभाळते त्या मागून विचारत होत्या, काय झालं, कोण वारलं. आई रडत होती ना! मग नाक ओढून म्हणाली, "आधी प्लॅस्टिकमध्ये घाल तो. आजच्या आज. तुझ्या बापाची सगळी कागदपत्रं उंदरांनी खाल्ली."

दुपारच्या मिनीबसने जिल्ह्याच्या गावी, काहुलला गेलो, दाखला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकमध्ये गरम दाबून घेतला. आता पाणी पडो, तेल पडो, उंदीर येवो. आज झोप लागेल.

६ जुलै, शनिवार

आईचा फोन, या वेळी न रडता. "लोक गावातून बाहेर पडायला शिकतात. तू काय शिकणार? जीपमध्ये बसून गावात परत कसं यायचं ते!"

म्हटलं, आई, आपल्या नाही, दुसऱ्यांच्या गावात.

"दुसऱ्यांच्या गावात तर मी पण आहे. आठ वर्षं झाली. मला कोणी पदवी दिली नाही."

तिला तिथल्या गोदामात माझ्यासाठी जागा दिसते आहे. तिसरी ओळ म्हणून तक्त्यात घातली नाही. तिला सांगितलं, घातली.

७ जुलै, रविवार

अर्जाबरोबर दोन पानं लिहून द्यायची आहेत: 'तुम्हाला हे शिक्षण का घ्यायचं आहे?' पाच वेळा लिहून फाडलं. 'मानवतेची सेवा' असं लिहिलं की माझं मलाच कळतं, हे कुठूनतरी उचललेलं आहे. इथे खरं काय ते लिहितो, मग बघू.

सहा वर्षांपूर्वी परदेशी मदतीतून आमच्या शाळेत संडास बांधले. इमारतीला लागून, आतून जायची वाट. पांढऱ्या फरश्या, सहा दारं, चार बेसिनं, गरम पाणी. मुलींनी पाव आणि मीठ घेऊन पाहुण्यांचं स्वागत केलं, फीत कापली, तळघरातल्या वाइनपर्यंत सगळं व्यवस्थित झालं. पाहुणे गेले आणि त्याच संध्याकाळी ग्लाफिराबाईंनी — आमच्या मुख्याध्यापिका — दाराला कुलूप घातलं. तेव्हापासून ते फक्त पाहुणे आले की उघडतं. मुलं अजून मागच्या आवारातल्या लाकडी खोपटात जातात. हिवाळ्यात तिथल्या फळीवर बर्फ, वसंतात घोट्यापर्यंत चिखल.

किल्ली माझ्याकडे असते. पाणीयोजनेवरचा माणूस मी, कॉक मीच सोडतो, आणि बाईंचा दुसऱ्या कोणावर विश्वास नाही. पाहुणे यायच्या आधी पाणी सोडायचं, टॉवेल टांगायचा, नवा साबण ठेवायचा. पाहुणे गेले की टॉवेल काढायचा, साबण पुसून, कोरडा करून डब्यात. एक साबण तीन भेटींना पुरला आहे.

त्या संडासांना मीटर वेगळा आहे. मदत देणाऱ्यांची अट होती. दर महिन्याला मी तो वाचतो आणि वहीत तोच आकडा पुन्हा लिहितो. सहा वर्षांत अकरा घनमीटर. आमच्या घरात माणसं दोन, आम्ही एवढं पाणी दोन महिन्यांत संपवतो.

दोम्निका महिन्यातले चार दिवस शाळेत जात नाही. डोकं दुखतं म्हणते. का ते मला माहीत आहे. बाईंनाही माहीत आहे.

एकदा सेनेगलहून एक इंजिनीयरबाई पाहुण्यांबरोबर आल्या होत्या. बाकीचे फरश्यांचे फोटो काढत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि फ्रेंचमध्ये विचारलं. शाळेत दोन वर्षं फ्रेंच होतं, तेवढं मला समजलं: "ही किल्ली तुझ्या खिशात का?" दुभाष्याने माझ्याकडे बघितलं, ग्लाफिराबाईंकडे बघितलं, आणि उत्तर देऊन टाकलं, "मुलगा फार जबाबदार आहे." त्या मान हलवून पुढे गेल्या. जाता जाता मागे वळून बघितलं त्यांनी.

मला त्यांच्यासारखं व्हायचं आहे. पण दुभाष्याशिवाय.

— हे बरोबर दोन पानांत बसतं. पाठवणार कसं? बाई मला लहानपणापासून ओळखतात. सहाव्यांदा 'मानवतेची सेवा' लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

८ जुलै, सोमवार

ग्लाफिराबाईंना सांगायला गेलो, की कदाचित जाईन. चेरीचा मुरांबा पुढे ठेवला. मग मीच विषय काढला, बाई, या वर्षी कुलूप काढू या का?

"काढते ना! झाडणार कोण? पुसणार कोण? जिल्ह्याने दिलेल्या नोकरवर्गात सफाईवालीची जागाच नाही. संडास दिले, बाई दिली नाही. एक फरशी फुटली की तपासणीला उत्तर मी द्यायचं. माझ्या आधीच्या सरांची बॉयलर फुटला म्हणून बदली झाली, ठाऊक आहे ना?"

ठाऊक आहे.

"तू शिकून ये, अनातोल. मला एक सफाईवाली मंजूर करून आण. मी स्वतः कुलूप विहिरीत टाकते."

वाईट बाई नाहीत. हेच तर अवघड आहे.

९ जुलै, मंगळवार

राजधानीला जाऊन आलो. विद्यापीठाचा खुला दिवस, कोणीही यावं आणि विचारावं. मी माझे प्रश्न क्रमांक घालून नेले होते, चौदा. टेबलामागचे गृहस्थ सभ्य होते, सगळ्यांची उत्तरं दिली. अकरावा प्रश्न — प्रकल्प संपल्यावर पाच वर्षांनी तो कसा चालला आहे, हे तुमच्याकडे शिकवतात का?

"अहवाल असतो."

तो कोण वाचतं?

जरा विचार करून म्हणाले, "जो पुढचा अहवाल लिहितो तो."

मग हसले. मीही हसलो. माणूस आवडला मला. पण विद्यापीठाबद्दल काहीच कळलं नाही.

११ जुलै, गुरुवार

याशचं मुलाखतीचं पत्र. सोमवारी, अकरा वाजता. पत्र चारदा वाचलं, नाव माझंच आहे.

१५ जुलै, सोमवार

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या मला वाटेल की मी असं बोललोच नाही.

पहाटेची मिनीबस, प्रुत नदीवर सीमेवर दीड तास. शेजारची बाई मांडीवर चीजची पिशवी घेऊन बसली होती. शिपाई म्हणाला, "मावशी, यात काय?" म्हणाली, "जावई." सगळी बस हसली, मी सोडून. मी कागद मोजत होतो.

कॉलेज एका जुन्या दुमजली घरात. मुलाखत घेणारे दोघं: कोर्नेलियाबाई, अभ्यासक्रमाच्या प्रमुख, आखूड पांढरे केस, आणि एक दाढीवाले सर, ते सारखे काहीतरी खात होते. माझी दोन पानं बाईंसमोर होती. त्यांनी ती उलटी करून ठेवली. "सुंदर अक्षर आहे," म्हणाल्या. बाकी त्या पानांबद्दल एक शब्द नाही.

मग भिंतीकडे बोट केलं. "प्रत्येकाला आम्ही एक फोटो दाखवतो. बघा आणि काय दिसतं ते सांगा."

मोठा फोटो. मदत देणाऱ्या एका संस्थेने दिलेला, आमच्या माहितीपुस्तिकेवरही तोच आहे म्हणाल्या. मी अर्ज ऑनलाइन केला होता, पानं स्कॅन करून, पुस्तिका बघितली नव्हती. पांढऱ्या फरश्या. बेसिन. बेसिनपाशी फ्रॉक घातलेली एक लहान मुलगी हात धुते आहे आणि मागे वळून हसते आहे. वरचा एक दात पडलेला.

दोम्निका! आठ वर्षांची. टॉवेल मी टांगलेला.

काय दिसतं? — मुलगी, म्हटलं. आनंदात आहे. एवढ्यावर थांबता आलं असतं. दाढीवाल्या सरांनी काहीतरी टिपलंही. थांबणारच होतो. पण कोर्नेलियाबाई म्हणाल्या, "का आनंदात आहे, असं तुम्हाला वाटतं?"

आणि मी सांगितलं. म्हटलं, कारण त्या दिवशी तिला आत जायला मिळालं. ही माझी बहीण आहे. हे दार वर्षातून एक-दोन दिवस उघडतं. कुलूप मीच लावतो.

सरांचं खाणं थांबलं.

"हे तुम्ही कशावरून म्हणता?" बाईंनी विचारलं. रागावून नाही. मला वाटतं, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

माझी मीटरची वही माझ्या पिशवीत असतेच. पान उघडून दिलं. शाळा, दुसरा मीटर, बहात्तर महिने. बाईंनी चष्मा बदलला. बोट ठेवून प्रत्येक ओळ वाचली, सरळ खालपर्यंत, आणि तळाशी पोचल्यावर परत वरून. मी सफाईवालीच्या जागेचंही सांगितलं. ग्लाफिराबाई वाईट नाहीत, हे दोनदा सांगितलं. गावाचं नाव कुठेही घालू नका, अशी विनंती केली.

"सहा वर्षं हा फोटो लावलाय," कोर्नेलियाबाई सरांना म्हणाल्या. "तीनशे मुलांना दाखवला असेल. मीटर कुणी विचारला नाही. आपणही नाही."

सर म्हणाले, "याला आता घ्यावंच लागेल. नाहीतर बाहेर जाऊन सांगेल."

थट्टा होती की काय, कळलं नाही. वही परत दिली. संपलं. घरी आलो तेव्हा दोम्निकाने मक्याच्या पिठाची ममलिगा करून ठेवली होती, गार झालेली. "कशी झाली मुलाखत?" म्हणाली. म्हटलं, तुझा फोटो होता. तिला वाटलं, टाळतोय.

१६ जुलै, मंगळवार

गेलं सगळं. मी असं का बोललो!

१७ जुलै, बुधवार

दोन्हीकडून 'हो'!!

विद्यापीठाचं सकाळी, याशचं दुपारी. याशच्या पत्रात खाली पेनने एक ओळ: 'वही घेऊन या. — को.' दोम्निकाने मला धरून अंगणात दोनदा फिरवलं, कोंबड्या पळाल्या. "तू गेलास की मी मोठ्याने गाणी लावणार, रोज!" आणि मग आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही. ती रायसामावशीकडे राहणार. पलीकडचंच घर, आईची बहीण, ते आधीच ठरलं आहे.

नवव्या रकान्याला नाव सापडलं: 'खरं सांगितलं तर'. विद्यापीठापुढे लिहिलं — माहीत नाही. याशपुढे लिहिलं — घेतात.

आता दाखला एकच आहे. ज्यांना मूळ दाखला द्यायचा, त्यांचे आपण. याशला २६ तारखेच्या दुपारपर्यंत, तोही परदेशी वापराचा सरकारी शिक्का मागच्या बाजूला घेऊन. शुक्रवारी राजधानीला जाऊन शिक्का मारून आणतो. एवढंच काम.

१९ जुलै, शुक्रवार

शिक्का मारत नाहीत.

खिडकीतल्या बाईने दाखला बोटाने वाजवून बघितला. टक टक. "प्लॅस्टिकवर शाई बसते का हो? आणि मूळ कागद बिघडवल्यासारखंच आहे हे. सकाळपासून तुम्ही सहावे. तुम्हा लोकांना कागद मिळाला की पहिल्यांदा तो गुदमरवून मारायची काय घाई असते?"

आईने सांगितलं होतं, म्हटलं.

"सहाही जणांना आईनेच सांगितलंय."

दुसरी प्रत? सुट्ट्या सुरू, महिना लागेल. रडू येईल असं वाटलं. त्याच रस्त्यावर विद्यापीठ आहे. आत जाऊन विचारलं. "प्लॅस्टिक? चालतं की. फाइलला लावायचाय फक्त. आणला आहे का बरोबर? द्या."

दिला नाही. सोमवारी येतो म्हटलं. का नाही दिला?

खरं लिहायचं तर बसमध्ये सुटल्यासारखं वाटत होतं. निवडायची गरज उरली नव्हती. प्लॅस्टिकनेच निवडलं होतं. जवळचं, सोपं, सभ्य माणसं. हायसं वाटत होतं आणि त्याचीच लाज वाटत होती. इतका जपला दाखला की कुणाच्या उपयोगाचा राहिला नाही. मग पांढऱ्या फरश्या आठवल्या आणि खिडकीबाहेर बघत बसलो.

२२ जुलै, सोमवार

विद्यापीठात गेलो नाही. रायसामावशीकडे गेलो.

मावशी गावातल्या बायकांचे केस कापते, सेट करते. तिने दाखला उजेडात धरला. "हे काहुलच्या त्या फिलिपचं काम ना? स्वस्तातलं प्लॅस्टिक वापरतो तो. निघेल." हेअर ड्रायर काढला. मी म्हटलं, मावशी, आयुष्य आहे हे माझं. म्हणाली, "नवरीचे केस पण आयुष्यच असतात, मी कुणाचे जाळलेत?" — लिदियाचे, दोम्निका म्हणाली. "गप. लिदियाचे आधीच तसे होते."

ड्रायरची गरम हवा, भुवयांचा चिमटा, आणि मधूनमधून मावशीची फुंकर. केसाएवढं केसाएवढं सुटत गेलं. मी बघूच शकत नव्हतो, भिंतीकडे तोंड करून मोजत होतो. चारशे अकराला एकदा फर्रर्र आवाज झाला.

"कोपरा," मावशी म्हणाली शेवटी. "नुसती द्राक्षं गेली. अक्षरं सगळी आहेत."

वळून बघितलं. डाव्या कोपऱ्यातली नक्षी गेली होती. नाव आहे. गुण आहेत. शिक्का आहे. कागद हाताला कागदासारखा लागला!

मावशीने आता ड्रायर माझ्या डोक्यावर धरला. "घाम वाळव. आणि आईला यातलं काही सांगू नकोस."

२४ जुलै, बुधवार

तीच खिडकी, तीच बाई. दोम्निकाने पढवलं होतं, कोपऱ्याचं विचारलं तर सांग उंदीर. पण तोंडातून हेअर ड्रायर निघालं. बाई आधी माझ्याकडे बघत राहिली, मग मागे वळून सगळ्या ऑफिसला ओरडून सांगितलं, "अगं, याने भाजून काढलाय!" तिघी जणी उठून बघायला आल्या. एकीने मावशीचा फोन नंबर घेतला.

शिक्का मारला. शाई बसली. सुकेपर्यंत हातात धरून उभा होतो.

२५ जुलै, गुरुवार

दाखला याशला दिला. आता माझ्याकडे नाही. इतकं हलकं वाटतंय की दोनदा पिशवी तपासली.

विद्यापीठाला पत्र टाकलं, आभाराचं. अकराव्या प्रश्नाच्या गृहस्थांच्या नावे.

२९ ऑगस्ट, गुरुवार

उद्या निघायचं. करायच्या गोष्टींची यादी केली होती, एकोणीस. झालेल्या गोष्टींपुढे बरोबरची खूण:

१ ते ९, कपडे आणि कागद ✓
१० कोंबड्या रायसामावशीच्या खुराड्यात ✓
११ दोम्निकाला दिवे-वीज-गॅस समजावणे ✓ (तिने डोळे फिरवले)
१२ सिमिओनकाकांना मीटर समजावणे ✓ — माझ्या जागी आता ते. घनमीटर आणि लिटर यांत अजून गोंधळ होतो त्यांचा.
१३ काकांसाठी मीटरच्या वहीची नक्कल ✓
१४ तळघराचं दार ✓
१५ आईला फोन ✓ — "जा बाबा. पण दुसऱ्यांच्या गावात गेलास की आधी जेव, मग प्रश्न विचार."
१६ किल्ली — शाळेच्या ऑफिसात, खुंटीवर ✓
१७ ग्लाफिराबाईंचा निरोप ✓ — मुरांब्याची बाटली दिली. "माझी सफाईवाली विसरू नकोस."
१८ बूट ✓
१९ ही वही ✓

सगळं झालं.

३ सप्टेंबर, मंगळवार

खोलीत आम्ही तिघं. दोघं माझ्याहून पाच वर्षांनी लहान आणि मला 'अंकल' म्हणतात. चालेल.

५ सप्टेंबर, गुरुवार

पहिला तास. कोर्नेलियाबाईंनी तोच फोटो लावला. गावाचं नाव नाही. वर्गाला म्हणाल्या, काय दिसतं? आनंद, स्वच्छता, यश, असं सगळे सांगत गेले. मी वहीत बघत बसलो. मग त्यांनी फळ्यावर लिहिलं: 'सहा वर्षे. अकरा घनमीटर.' आणि खडू खाली ठेवला.

हळूहळू एकेक जण फोटोकडे परत बघायला लागला.

१२ सप्टेंबर, गुरुवार

दोम्निकाचा फोन, हसून हसून तिला बोलता येत नव्हतं. मग बोलली ते असं:

आज पाहुणे आले. वर्षाची नेहमीची भेट. अंगणात मुली पाव-मीठ घेऊन उभ्या, गाडी फाटकात, आणि किल्ली नाही! खुंटी रिकामी. ग्लाफिराबाईंनी ऑफिस उलथं केलं, फुलदाण्या उपड्या केल्या. पाहुणे दुसरा पाव संपवत आले. शेवटी सिमिओनकाका लोखंडी कातर घेऊन आले आणि सगळ्यांच्या देखत कुलूप कापलं. पाहुण्यांतल्या एकाला वाटलं की हा उद्घाटनाचाच भाग आहे, त्याने टाळ्या वाजवल्या!

"आणि नंतर, दादा, पाहुणे गेले. काकांनी विचारलं, बाई, काहुलहून नवं कुलूप आणू का? बाई त्या दाराशी किती वेळ उभ्या होत्या. आत पहिलीची पोरं होती, नळ सोडून किंचाळत होती नुसती. मग बाई म्हणाल्या, राहू दे आता. आणि दाराला कागद लावलाय, कोणी कधी पुसायचं, सगळ्यांच्या आयांची नावं. पहिलं नाव बाईंचं स्वतःचं. दुसरं रायसामावशीचं, ती जाम भडकलीये."

किल्लीचं काय म्हणाल्या, विचारलं.

"म्हणाल्या, अनातोल हरवणाऱ्यातला नाही. खुंटीवरूनच कोणीतरी नेली असणार."

ती म्हणाली, हॅलो? हॅलो, दादा?

९ ऑक्टोबर, बुधवार

सिमिओनकाकांचा फोन, घाबरलेला आवाज. "अनातोल, शाळेचा तो दुसरा मीटर वेडा झालाय रे! एका महिन्यात एकोणीस! सगळी पाइपलाइन चालून आलो, ओलं कुठे दिसत नाही. गळती कुठे असेल?"

गळती नाही काका, म्हटलं. एकोणीस लिहा. आणि दोम्निका? "ती काय, रोज शाळेत जाते. का रे?"

फोन ठेवला आणि २९ ऑगस्टचं पान उघडलं. सोळावी ओळ. तिच्यापुढची खूण खोटी आहे. किल्ली इथे आहे, माझ्या पेन्सिलींच्या डब्यात, तळाशी.

बाकी अठरा खुणा बरोबर आहेत.